गावचा डोंगर तोडायला देण्याआधी: मुंबईत राहून लाकूडही घ्या, रानही राखा

मे महिन्यात किंवा गणपतीत गावी गेलं की हा विषय हमखास निघतो. व्यापारी येऊन गेलाय, वरचा डोंगर उक्ता मागतोय, आकडा बरा सांगतोय. लालबाग, भांडुप, बोरिवलीत विखुरलेल्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा होते. घराचं छप्पर बदलायचं असतं, कुणाच्या मुलाची फी भरायची असते, त्यामुळे होकार जातो. पुढच्या मे महिन्यात जाऊन पाहावं तर डोंगर बोडका आणि पऱ्या, म्हणजे ओढा, पार आटलेला.

तोडूच नका, असं मी म्हणणार नाही. कोकणातलं खाजगी रान पिढ्यानपिढ्या तोडलं गेलंय आणि पुन्हा फुटलंय. ऐन, किंजळ, साग ही झाडं बुंध्यापासून जोमाने फुटतात. अडचण ‘उक्ता’ व्यवहारात आहे. त्यात व्यापारी एकूण रकमेची बोली करतो, त्यामुळे मांडीएवढं खोड आणि मनगटाएवढी काठी त्याला सारखीच, दोन्ही ट्रकमध्ये जातात. आपण व्यवहाराचा क्रम उलटा करायचा. आधी काय ठेवायचं ते ठरवायचं, मग किती काढता येईल त्याचा हिशोब करायचा आणि व्यापाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलवायचं. बहुतेक घरांत व्यापारी पहिला येतो.

सातबारा आधी, कुऱ्हाड नंतर

सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावर मुंबईत बसून निघतात. ‘इतर अधिकार’ हा रकाना नीट वाचा. तिथे ‘खाजगी वन’, ‘राखीव वन’ किंवा वन विभागाशी संबंधित कसलाही शेरा असेल, तर तिथेच थांबा आणि वकील गाठा. 1975 च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून राज्यातली बरीच खाजगी वनं शासनाकडे गेली. मुलुंडच्या इमारतींखालची जमीन ‘खाजगी वन’ आहे का, हा खटला वर्तमानपत्रांतून वाचलेल्या मुंबईकरांना हा कायदा आठवत असेल. त्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2014 मध्ये आला. आजोबांच्या काळचा तसाच एखादा शेरा आपल्या सातबाऱ्यावर पडून असू शकतो.

दुसरी गोष्ट हिश्शांची. सामायिक सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. सुरतला गेलेला चुलत भाऊ आणि लग्न होऊन गेलेली आत्या यांचीही. ग्रुपवरचा अंगठा संमती होत नाही. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरा. वन विभागाची हद्द शेजारून जात असेल तर मोजणीशिवाय एक फांदीही तोडू नका. ‘आमचा गडगा तिथपर्यंत आहे’ हे कुठलंही कार्यालय ऐकून घेत नाही.

काही भागांसाठी वेगळे निर्बंध आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली. माथेरान परिसर 2003 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जमीनमालक आदिवासी असेल तर त्याच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा लागू होतो आणि परस्पर सौदा चालत नाही. मुंबईतल्या सोसायटीच्या आवारातलं झाड हा तर निराळाच विषय: तिथे 1975 चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण.

रान मोजायचं कसं

बहुतेक लोक हे काम टाळतात, आणि सगळा पैसा इथेच जातो. एक टेप, सुतळी, चुना, ऑइलपेंटचा डबा आणि वाडीतली दोन माणसं एवढ्यावर भागतं. दिवस नोव्हेंबरनंतरचे धरा. तोवर गवत वाळलेलं असतं आणि सापांची भीतीही कमी झालेली असते.

संपूर्ण डोंगर मोजायची गरज नाही. 20 मीटर बाय 20 मीटरचा चौकोन आखा. तो 400 चौरस मीटरचा, म्हणजे एकराचा जवळजवळ दहावा भाग होतो. त्यात मोजलेली झाडं गुणिले दहा केली की एकरी आकडा मिळतो. असे चौकोन वेगवेगळ्या जागी घ्या: एक पऱ्याजवळ, एक मध्यावर, एक कातळाकडे. बरी दिसणारी जागा हुडकून चौकोन आखलात तर आकडा फुगतो, म्हणून नकाशावर आधी ठिपके मारा आणि तिथेच जा.

चौकोनातल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहा. ही उंची वन विभाग 1.37 मीटर धरतो. उतारावर ती वरच्या बाजूने मोजायची. मोजल्या जागी रंगाचा पट्टा मारा. पुढल्या वर्षी त्याच महिन्यात त्याच पट्ट्यावर टेप लावला की झाड वर्षाला किती जाडावतं ते कळतं. दोन-तीन वर्षांत तुमच्या डोंगराचा स्वतःचा आकडा तुमच्या हाती येतो, आणि तो कुठल्याही पुस्तकातल्या सरासरीपेक्षा खरा असतो. बारकी रोपंही मोजा. मोठी झाडं भरपूर आणि खाली एकही रोप नाही असं दिसलं, तर ते रान म्हातारं झालंय. तिथे तोडीआधी गुरं थांबवायला लागतात.

ठेवायची झाडं आधी रंगवा

पिवळा रंग घ्या आणि जी झाडं कुठल्याही परिस्थितीत राहणार त्यांना पट्टा मारत चला. माझ्या हिशोबात ती अशी.

पऱ्या, वहाळ, झरा यांच्या दोन्ही काठांनी 30 मीटरपर्यंतचं सगळं. इथे लाकडाचा मोह सोडाच, कारण उन्हाळ्यात विहिरीत पाणी राहतं ते या पट्ट्याच्या आणि वरच्या रानाच्या जिवावर. फार तीव्र उतार, जिथे माणसाला हात टेकून चढावं लागतं, तेही. देवराई तर कुणी विचारतच नाही, पण देवराईला लागून असलेली झाडं व्यापारी हळूच ओढून घेतो, म्हणून तिच्याभोवतीही पट्टा सोडा.

मग बीज देणारी झाडं. प्रत्येक जातीची सरळ, निरोगी, भरपूर फळणारी काही खोडं एकरी राखलीच पाहिजेत. पिकलं तरी उभं राहू दे. व्यापाऱ्याला हीच सगळ्यात आधी हवी असतात, आणि ती गेली की पुढची पिढी वाकड्यातिकड्या झाडांची निपजते. उंबर, वड, पिंपळ यांना लाकूड म्हणून फारशी किंमत नाही, पण पाखरं त्यांवरच जगतात आणि रानभर बी पसरवतात. पोकळ झाडंही ठेवा. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला भरवतो. उन्हाळ्यात असं झाड पाडलं की आख्खं कुटुंब गेलं. पोकळ खोडातून फळी निघत नाही, जळणच निघतं, तेव्हा तोटा नावापुरताच.

सगळं मिळून मी एकरी निदान 20 मोठी झाडं म्हणतो. तुमचा डोंगर कातळाचा असेल तर जास्त.

किती काढायचं: एक जुना हिशोब

मुंबईची लाकडाची भूक जुनी आहे. वाडिया मंडळींच्या गोदीत मलबारच्या सागापासून जहाजं बांधली जात. 1817 मध्ये इथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. सागाचा तो पुरवठा आटतोय हे दिसल्यावर 1847 मध्ये मुंबई इलाख्याने डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं. पुढे 1856 मध्ये डीट्रिच ब्रॅण्डिस यांच्याकडे ब्रह्मदेशातल्या पेगूची सागवनं आली. तिथे त्यांनी घेरानुसार झाडांचे वर्ग पाडून तोडीचा आकडा काढला. तोच विचार दहा एकरांना लागू पडतो.

समजा तुम्ही ऐन 120 सेंटिमीटर घेराला तोडायचा ठरवला. पट्ट्यांवरून कळलं की झाड वर्षाला 2 सेंटिमीटर वाढतं. मग 60 चं झाड 120 व्हायला 30 वर्षं लागणार. चौकोनांच्या हिशोबाने एकरी 60 ते 120 च्या मधली 24 झाडं आहेत. वादळ, वणवा, वाळवी यांत एक तृतीयांश जातील असं धरलं तर 16 उरतात. म्हणजे पुढच्या 30 वर्षांत एकरी जेमतेम 16 तयार झाडं मिळणार, दोन वर्षांत एक. आज तुमच्याकडे 120 च्या वरची 12 उभी आहेत म्हणून बाराच्या बारा काढलीत, तर पुढच्या वीसेक वर्षांची तोड एकदम घेतली असं समजा. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे घालून बघा, बहुतेक घरांत गप्प बसायची वेळ येते.

लहान मापाच्या रानाला दुसरी पद्धत सोपी पडते. डोंगराचे कूप, म्हणजे पाळीपाळीने तोडायचे तुकडे, पाडा. दहा एकर असेल तर दोन-दोन एकरांचे पाच, आणि दर चार वर्षांनी एक तोडा. पहिला कूप पुन्हा तोडीला येतो तेव्हा त्यावर 20 वर्षांचे फुटवे असतात. राखीव पिवळी झाडं प्रत्येक कुपात उभीच राहतात. शेजारशेजारचे दोन कूप लागोपाठ काढू नका, नाहीतर उतारावर मोठी उघडी जागा तयार होते आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथली माती खाली शेतात येते.

थांबण्याचा फायदा पैशातही दिसतो. बाजारात गोल लाकूड बहुधा पाव घेराच्या सूत्राने मोजतात: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 24 इंच घेर आणि 10 फूट लांबीचा ओंडका: 6 गुणिले 6 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे अडीच घनफूट. तोच 48 इंचांचा झाला की 10 घनफूट. घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं, शिवाय जाड ओंडक्यात पक्कं लाकूड जास्त म्हणून दर घनफुटाला भावही चढा. आणखी एक लक्षात ठेवा: या सूत्राने लाकूड प्रत्यक्ष गोलाईपेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी भरतं. 48 इंचांच्या त्या ओंडक्यात खरं तर पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. साल आणि चिराईतली घट म्हणून ही रीत पडली आहे, आणि बाजाराला ती मान्य आहे. पण तुमच्या व्यापाऱ्याने त्यावर आणखी ‘घट’ कापली तर बोला.

गावाकडच्या सागाच्या लागवडीबद्दल एवढंच सांगतो. दोन मीटरवर रोपं लावली आणि पंचवीस वर्षं हात लावला नाही, अशी रानं जागोजागी आहेत, आणि तिथे साग काठीसारखा उभा असतो. पाच-सहा वर्षांनी पहिली विरळणी करून दाटी कमी केली नाही तर खोड जाड होत नाही. विरळणीत निघालेल्या बारक्या काठ्यांना वासे म्हणून गिऱ्हाईक मिळतं.

परवानगी

महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) कायदा 1964 चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, बिबळा, हळदू म्हणजे आपला हेद, तिवस, अंजन, चंदन, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ, आंबा, फणस आणि खारफुटी अशी झाडं येतात. आपल्याच जमिनीत, आपणच लावलेला फणस तोडायलाही परवानगी लागते, हे ऐकून मुंबईकर नातेवाईक दर वेळी चकित होतात. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. हे काम वन विभाग पाहतो, म्हणून सुरुवात तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयापासून करा. सातबारा, आठ-अ, नकाशा, संमतीपत्रं आणि झाडांची यादी सोबत न्या. मोजणीत केलेली वही इथे कामी येते, कारण यादी तयार असते. पाहणीला वनकर्मचारी येतील तेव्हा तुम्ही किंवा तुमचं माणूस हजर हवं. तो दिवस व्यापाऱ्याच्या मुकादमावर सोपवला की यादीत झाडं वाढतात.

तोडलेलं लाकूड जागेवरून हलवायला वाहतूक परवाना लागतो. राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली 29 डिसेंबर 2023 रोजी देशपातळीवर सुरू झाली आहे. तुमच्या कार्यालयात अर्ज ऑनलाइन घेतात की कागदावर, ते आधी विचारा. अनुसूचीबाहेरच्या झाडांनाही वाहतुकीची अट लागू शकते. खाजगी जमिनीवरच्या बांबूचं मात्र सोपं झालंय: 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. ज्यांना दर दोन-चार वर्षांनी थोडे पैसे हवेत त्यांनी बांधावर बांबू लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मग सागाला घाई करायची वेळ येत नाही.

सौदा

आता व्यापाऱ्याला बोलवा. एकाला नको, तिघांना. करार स्टॅम्प पेपरवर आणि मोजणीवर करा, उक्ता नको. तोडायच्या प्रत्येक झाडाला नंबर द्या. नंबर दोन जागी टाका: एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्यावर, जमिनीला लागून. खोड गेल्यावर बुंधा उरतो, आणि त्यावरचा नंबर बोलतो. ज्या बुंध्यावर नंबर नाही ते झाड चोरीचं. अशा प्रत्येक झाडामागे किती दंड, ते करारात आकड्यात लिहा आणि तेवढी अनामत आधी घ्या. लोकेशनसह फोटो काढणारी अ‍ॅप फोनवर असतात, नंबर दिसेल असे फोटो ग्रुपवर टाकून ठेवा. मुंबईत बसलेल्या माणसाला पुरावा म्हणून तेच उपयोगी पडतात.

करारात आणखी तीन कलमं हवीत. मार्च संपण्याआधी काम पूर्ण व्हावं. जेसीबीने उतारावर नवा रस्ता काढायचा नाही: डोंगराच्या पायथ्याशी किंवा कुशीत आडवा कापलेला रस्ता पावसाचं पाणी अडवतो आणि दरड सैल करतो, तोडीपेक्षाही त्याचं नुकसान जास्त. आणि तिसरं, किटाळ, म्हणजे फांद्या-पाला, पऱ्यात टाकायचा नाही.

जळाऊ माल विटांच्या भट्ट्या आणि बॉयलरकडे जातो, त्यात पैसा कमी. इमारती लाकूड वेगळं काढून विका. रे रोडच्या लाकूड बाजारात एक फेरी मारली तरी व्यापारी गावात सांगतो तो भाव आणि इथला भाव यांतलं अंतर कळतं. वाहतूक आणि चिराई वजा करून बघा, सगळं अंतर नफाच असतं असंही नाही. त्याच फेरीत जुन्या लाकडाची दुकानंही बघा. पुनर्विकासात पडणाऱ्या गिरणगावातल्या चाळींची सागवानी तुळया-दारं तिथे येतात. गावच्या घराच्या दारांसाठी उभा साग पाडण्याआधी तो माल पाहा. पूर्ण वाळलेलं, पिळ न खाणारं लाकूड मिळतं, फक्त खिळे काढून घ्या. नवीन लाकूड घेणार असाल तर बिलासोबत वाहतूक परवान्याचा नंबर मागा. दुकानदार नजर चुकवू लागला तर पुढच्या दुकानात जा.

तोड

फुटवा हवा असेल तर पानगळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडा. तेव्हा झाडाने अन्न मुळांत साठवलेलं असतं आणि पावसाआधी कोंब जोर धरतात. बुंधा वीतभराच्या आत ठेवा आणि काप किंचित उतरता घ्या, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. सालीच्या चिंध्या होऊ देऊ नका. साल सुटलेल्या बुंध्यातून कोंब नीट येत नाहीत.

उतारावर झाड खालच्या दिशेला पाडलं की खोड चिरतं आणि वाटेतली बारकी झाडं मोडतात. आडवं पाडायला सांगा. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप, आणि मध्ये थोडं लाकूड न कापता बिजागरीसारखं सोडायचं. वेली आधीच, काही महिने अगोदर, छाटून ठेवल्या तर एक झाड पडताना दुसऱ्याला ओढत नाही. कामगारांना हेल्मेट कोण देणार, हे विचारायला लाजू नका. गावाकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पुढची तीन वर्षं

तोडलेल्या कुपात गुरं-शेळ्या निदान तीन पावसाळे नकोत. वाडीत बोलून, चराईसाठी दुसरा कूप मोकळा ठेवून हे जमतं. नुसत्या ‘बंदी’च्या पाटीने जमत नाही. जानेवारी संपण्याआधी हद्दीने गवत काढून जाळरेषा करा. फेब्रुवारी ते मे वणव्याचे महिने, आणि तोडीनंतर पडलेला वाळका पाला पेट्रोलसारखा पेटतो. फांद्यांचे ढीग बुंध्यांपासून दूर, समपातळीत आडवे लावा. ते मातीही धरतात.

मोकळ्या जागी पहिल्या पावसात रोपं लावायची ती त्याच रानातल्या बियांची: ऐन, किंजळ, शिवण, जांभूळ, बेहडा. नर्सरीतून आणलेला ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका. तो वाढतो भराभर, पण खाली काही उगवू देत नाही.

एका बुंध्यातून दहा-पंधरा कोंब येतात. सगळे ठेवले तर सगळे काठ्याच राहतात. तिसऱ्या वर्षी प्रत्येक बुंध्यावर जमिनीच्या जवळून निघालेले, सरळ असे एक-दोन ठेवून बाकीचे काढा. कोंब जितका खालून निघालेला, तितका तो स्वतःची मुळं धरतो आणि वादळात टिकतो. हे काम डिसेंबर-जानेवारीचं. शिमग्याला जाऊन करू म्हणाल तर तोवर कोंबांना नवी पालवी आलेली असते. तिकीट नाताळच्या सुट्टीचं काढा.